बाईंचे एकोणीस सेकंद

चॅनलची गाडी तीन वाजता दारात लागली आणि घरातल्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या कपड्यांत खोट दिसू लागली. थोरल्याला बायकोच्या साडीचा रंग भडक वाटला, बायकोला त्याचा शर्ट पोटावर तंग वाटला, धाकटीला आईचे केस चपटे बसल्यासारखे वाटले, आणि आत्याने कॅमेऱ्यासमोर न येणंच बरं यावर तिघांचंही एकमत झालं. या घरात एकमत होण्याची गेल्या दहा वर्षांतली ही दुसरी वेळ. पहिली वेळ कशासाठी होती ते आता कुणालाच आठवत नाही.

आत्याला त्याचं काही वाटलं नाही. ती खाली दुकानात मशीनवर चष्म्याची भिंगं घासत बसली होती. चाळीस वर्षं ती तेच करत आलेली. भावाचं दुकान भाच्याच्या हातात आलं, खुर्च्या बदलल्या, काचेचं दार आलं, मशीन आणि आत्या तेवढ्या जुन्या राहिल्या.

चॅनलला पन्नास वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आपल्या हातून पन्नास अविस्मरणीय क्षण घडले असा त्यांचा समज होता, आणि प्रेक्षकांची मतं घेऊन ते क्षण आठवडाभर रोज थोडे थोडे दाखवणं चालू होतं. घरातले सगळे रोज संध्याकाळी बसून ते बघायचे आणि नावं ठेवायचे. हवामान सांगताना ज्याचा टाय टेबलफॅनमध्ये अडकला तो गृहस्थ एकतिसावा आला. ज्या मालिकेत एकच सासू तीनदा मेली ती तिसऱ्या मरणासाठी बाविसावी आली; पहिली दोन मरणं जास्त चांगली होती असं सुनेचं मत. पाककृतीच्या कार्यक्रमात कुकरचं झाकण छताला जाऊन लागलं आणि करणारी बाई हसत हसत म्हणाली, ‘आता गॅस बंद करा’, तो क्षण नववा. आत्याचं लाडकं होतं ते मुलांच्या कार्यक्रमातलं कासव. पाहुणे शास्त्रज्ञ त्याच्याविषयी बोलत असताना ते सावकाश चालत पडद्याच्या कडेपर्यंत गेलं, कडेबाहेर गेलं, आणि पुढे स्टुडिओत कुणालाच सापडलं नाही. ते चौथं आलं.

“पहिलं यायला हवं होतं,” आत्या म्हणाली होती. “स्वतःहून उठून गेलेलं ते एकटंच.”

पहिल्या क्रमांकावर आई होती.

आईला बाहेर सगळे बाई म्हणतात. सव्वीस वर्षं तिने संध्याकाळी सातच्या बातम्या दिल्या. बत्तीस वर्षांपूर्वी एकदा, बातम्या चालू असतानाच, बोगदा कोसळल्याची खबर पक्की झाली आणि तिच्यापुढे एक कागद सरकवला गेला. आत अडकून मेलेल्या सात कामगारांची नावं त्यावर होती. बाईंनी कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि त्या गप्प झाल्या. एकोणीस सेकंद. मग त्यांनी एकेक नाव, प्रत्येक नावानंतर थांबत, असं उच्चारलं की दुसऱ्या दिवशी अग्रलेख आले. बातम्या देणारीही माणूस असते हे देशाला काल कळलं, असं एका संपादकाने लिहिलं. परवापर्यंत देशाचा काय समज होता ते मात्र त्याने लिहिलं नाही.

पुढे या एकोणीस सेकंदांवर घरातल्या प्रत्येकाने आपापली खोली बांधून घेतली. सून मुख्याध्यापिका, तिने शाळेत वक्तृत्व स्पर्धा सुरू केली आणि तिच्या बक्षिसाला नाव दिलं मौन करंडक. जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला तो मिळतो. धाकटी कंपन्यांतल्या साहेबांसाठी ‘न बोलता जिंका’ नावाची दोन दिवसांची कार्यशाळा घेते आणि दोन्ही दिवस सकाळी नऊपासून बोलते. थोरल्याने दुकानावर आईचा तो फोटो लावला, हातात कागद, डोळ्यांवर काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि खाली वाक्य: ‘त्या क्षणी बाईंच्या डोळ्यांवर आमचाच चष्मा होता.’ आज पहिल्या क्रमांकाच्या लगेच नंतरची जाहिरातही त्याने घेऊन ठेवली होती, याच वाक्याची. या वाक्यात गैर काहीच नव्हतं. अडचण एवढीच होती की ते खरं होतं.

“मी आज खरं सांगणार आहे,” आई म्हणाली.

ती तिच्या खोलीत आरशासमोर बसली होती आणि धाकटी तिचे केस फुगवत होती. कंगवा केसांतच राहिला.

“कसलं खरं?”

“चष्म्याचं.”

हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्या दिवशी अग्रलेख आले त्या दिवसापासून ते कुणी तोंडातून काढलं नव्हतं. बाबांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून काळ्या फ्रेमा एकगठ्ठा उचलल्या होत्या, तीनशे. चष्मे विकणारा माणूस स्वतःच्या घरात कशाला वेगळी फ्रेम आणेल? आजोबांपासून शेंबड्या पोरापर्यंत ज्याला म्हणून नंबर लागला त्याच्या नाकावर तीच फ्रेम आली. डब्याही एकाच रंगाच्या. त्या संध्याकाळी स्टुडिओत आईने डबी उघडून चाळिशी डोळ्यांवर चढवली तर तो निघाला आत्याचा लांबचं बघायचा जुना चष्मा. तरी ती घाबरली नाही. आईची रीत अशी की सगळं बातमीपत्र आधी तोंडपाठ करायचं; कागद हातात असायचा तो शोभेला. बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघून बातमी सांगायची, खाली मान घालून वाचायला आपण काय शाळेत आहोत, असं ती म्हणायची. बातमीपत्र पाठ होतं. मधेच आलेला कागद पाठ नव्हता. त्यावरच्या सात ओळी तिला सात डाग दिसत होत्या.

एकोणीस सेकंद लागले ते निर्मात्याला. आईच्या खुणेवरून त्याला काहीतरी बिनसल्याचं कळलं, आणि तो जाडा माणूस यादीची दुसरी प्रत घेऊन, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून गुडघ्यांवर रांगत, टेबलाखाली पोचला. तिथून तो एकेक नाव कुजबुजत गेला आणि आई ते मोठ्याने म्हणत गेली. प्रत्येक नावानंतरचा तो थांबा, ज्यावर धाकटी कार्यशाळेत पाऊण तास बोलते, तो टेबलाखालच्या माणसाला लागलेल्या धापेमुळे होता.

“आई, बत्तीस वर्षं झाली आता,” धाकटी म्हणाली. “कुणाला काय फरक पडतो?”

“मला पडतो. सात हजारांवर बातमीपत्रं दिली मी. एकात चूक काढून दाखव. आणि लोकांना काय आठवतं? ज्या दिवशी मला वाचता आलं नाही तो दिवस.”

“अगं, प्रेमाने आठवतात.”

“मी न केलेल्या गोष्टीवर करतात ना प्रेम. केलेल्या सात हजारांचं काय?” आईने आरशात बघितलं, म्हणजे आरशाच्या कडेला बघितलं. “डॉक्टरांनी सांगितलंय तुला. मधली नजर चाललीय. वर्षभरात समोरच्याचं तोंड दिसायचं नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं असेल तर मला आजच सांगितलं पाहिजे.”

धाकटीने कंगवा ठेवला आणि स्वयंपाकघर गाठलं.

सून चॅनलच्या लोकांसाठी चहा गाळत होती. बाबांची आरामखुर्ची कुणाकडे जावी यावरून या दोघी चार वर्षं एकमेकींशी सरळ बोललेल्या नव्हत्या. जे काही असेल ते तिसऱ्याला सांगायच्या. आत्ता तिसरं कुणी नव्हतं.

“आई सांगणारेय,” धाकटी म्हणाली.

“काय?”

“चष्मा.”

सुनेने गाळणं खाली ठेवलं. “करंडक,” ती म्हणाली.

“कार्यशाळा,” धाकटी म्हणाली.

चार वर्षांचा अबोला दोन शब्दांत मिटला. सुनेला नणंदेविषयी इतकं आपलेपण लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं. तिने धाकटीचा हात धरून तिला कोपऱ्यात नेलं आणि आवाज खाली आणला. “असं करू. त्या मुलाखत घेणाऱ्या मुलीला आधीच सांगून ठेवू, की आईंना हल्ली विस्मरण होतं. कधीकधी काहीबाही बोलतात. म्हणजे पुढे त्या काय बोलल्या तरी…”

“चालेल,” धाकटी म्हणाली. आईला विसराळू ठरवणं तिला चहा गाळून व्हायच्या आत पटलं होतं. त्याची लाज तिला वाटली, आणि तिने ती चहाबरोबर पिऊन टाकली.

थोरल्याला दिवाणखान्यातून बोलावून आणलं. तो तिथे कॅमेरामनला, आईच्या मागे दुकानाचं कॅलेंडर दिसेल असं काहीतरी करता येईल का, हे विचारत होता. बातमी ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं आणि तो तडक आईच्या खोलीत गेला. मागोमाग दोघी. दार लावून घेतलं.

“आई, हे काय ऐकतोय मी?”

“जे ऐकलंस तेच.”

“दुकानाची पाटी आहे ती. लोक फोटो काढून घेतात तुझ्या फोटोबरोबर. आणि तू सांगणार, तो चष्माच चुकीचा होता? चष्म्याच्या दुकानदाराची आई?”

“तुझी आई नंतर झाले. आधी बातम्या देत होते.”

“आई, तुम्हाला त्रास होतोय हल्ली,” सून मऊ आवाजात म्हणाली. शाळेत पालकांना मुलगा नापास झाल्याचं सांगताना ती हाच आवाज लावते. “कधीकधी जुनं आणि नवं एकत्र होतं मनात. आम्ही त्या मुलीला तसं सांगून…”

“बंदरातल्या कामगारांच्या संपाचा आज अकरावा दिवस,” आई म्हणाली. पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली. “तडजोडीची बोलणी तिसऱ्यांदा फिसकटली असून, धक्क्यावर उभ्या असलेल्या सत्तावीस जहाजांतला माल उतरवायचा कसा, असा प्रश्न निर्माण झाला आहे. ही त्या दिवशीची तिसरी बातमी. चौथी म्हणू? कुणाला विस्मरण झालंय म्हणालीस?”

थोरल्याला वाटलं की ही बाई आता कुणाच्याच बापाला ऐकायची नाही, आणि वाटलं ते बरोबर होतं.

दार न वाजवता उघडलं. आत्या होती. हातांना घासलेल्या काचेचा पांढरा चिखल लागलेला. “खाली गिऱ्हाईक विचारतंय, आज बाई दिसतील का म्हणून,” ती म्हणाली, आणि चौघांची तोंडं बघून थांबली.

“बरं झालं आलात वन्सं,” आई म्हणाली. “मी आज चष्म्याचं सांगणार आहे. आणि डबीत तो कुणाचा होता, तेही सांगणार आहे.”

खोलीत एकदम अवघडलं. हे दुखणं चष्म्याइतकंच जुनं. आईने त्या दिवसापासून नणंदेच्या हातचं भिंग डोळ्यांना लावलं नव्हतं. आपल्या वैभवावर जळून वन्संनी मुद्दाम डबीत चष्मा बदलला, ही तिची खात्री. घरात दुकान, घरात भिंगं घासणारी, आणि ही बाई दोन बसथांबे ओलांडून दुसऱ्या दुकानात जाऊन चष्मा करून आणायची. त्या दुकानदारानेही आत तिचा फोटो लावला होता.

“सांगा की वहिनी,” आत्या म्हणाली. “माझाच होता तो. लपवण्यासारखं काय आहे त्यात.”

“बघा. कबूल करतायत.”

“चष्मा माझा होता म्हटलं. डबीत मी ठेवला असं नाही म्हटलं.”

“मग काय चालत गेला तो?”

आत्याने आईकडे बघितलं नाही. तिने थोरल्याकडे बघितलं. थोरला खिडकीच्या पडद्याकडे बघू लागला. त्या पडद्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तो वर्षानुवर्षं तिथेच होता. आता कुणीच बोलेना. धाकटी कार्यशाळेत सांगते की चांगल्या मौनात सत्य आपोआप वर येतं. ते येताना बघायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

“शाळेत नाटक होतं,” थोरला म्हणाला.

“काय?”

“त्या दिवशी. मी न्यायाधीश होतो. बिनचष्म्याचा न्यायाधीश कसा दिसेल? आत्याचा चष्मा घातला तर गरगरायला लागलं. तुझा बरा होता. म्हणून तुझा घेतला आणि…” तो थांबला.

“आणि?”

“डबी हलकी लागेल म्हणून तिचा जुना त्यात घातला. संध्याकाळी तू स्टुडिओत जायच्या आत परत ठेवणार होतो. नाटक लांबलं.”

बेचाळीस माणसं कामाला असलेला, तीन दुकानांचा मालक, पोटावर शर्ट तंग झालेला हा माणूस चौदा वर्षांचा दिसू लागला. सुनेने नवऱ्याकडे असं बघितलं की लग्नाच्या वेळी हे सांगितलं नव्हतं.

“वाक्यं किती होती तुला?” आत्याने विचारलं.

“आता ते कशाला?”

“सांग ना. बत्तीस वर्षं विचारीन म्हणतेय.”

“दोन. ‘शांतता राखा.’”

“आणि दुसरं?”

“‘शांतता राखा, नाहीतर न्यायालय रिकामं करीन.’”

आत्याचे खांदे हलले. ती हसत होती. धाकटीलाही हसू आलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. आई मात्र हसली नाही. ती कडेच्या नजरेने आत्याला शोधत होती.

“तुम्हाला ठाऊक होतं?” तिने विचारलं.

“त्याच दिवशी कळलं. दप्तरात तुमची चाळिशी होती, कागदाच्या मिशा चिकटलेली.”

“मग बोलला का नाहीत?”

“माझ्या भावाचा हात ठाऊक आहे ना तुम्हाला? पोराला फोडून काढला असता. म्हटलं, राग शांत होऊ दे, मग सांगू. तर दोन दिवसांत तुम्ही थोर झालात. थोर माणसाला कोण सांगणार, की बाई गं, तुझं थोरपण कागदाच्या मिशांमुळे आलंय?”

“आणि मी तुम्हाला एवढी वर्षं…”

“हो,” आत्या म्हणाली. “ते जरा लागायचं.”

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. “बाई, पाच मिनिटं.”

थोरल्याने ती संधी साधली. “आई, आता तर नकोच. आता घरातल्या घरात झालं ना सगळं? पाहिजे तर मी पाया पडतो. पण तिथे माझं नाव…” पाटीवर आईचा फोटो असलेल्या दुकानाचा मालक आणि आईला भर बातम्यांत आंधळं करणारा मुलगा एकच, हे उद्या गिऱ्हाइकांच्या तोंडी होणार होतं.

आई उठली. “वन्सं, चला. माझ्या शेजारी बसा.”

“अहो आई, आत्यांचे हात बघा,” सून म्हणाली.

“असू देत. मला दिसत नाहीत.”

दिवाणखान्यात इतके दिवे लावले होते की धूळसुद्धा सजवल्यासारखी दिसत होती. मुलाखत घेणारी मुलगी पंचविशीची, आवाजात कायम सर्दी झाल्यासारखा गहिवर. तिच्या कानात एक बटण होतं आणि त्यातून कुणीतरी तिला सतत काहीतरी सांगत होतं. आताचे निर्माते रांगत येत नाहीत, कानातच बसतात. आई सोफ्यावर, शेजारी अंग चोरून आत्या. बाकीचे तिघे कॅमेऱ्याच्या मागे ओळीत उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

टीव्हीवर ते दृश्य लागलं. चव्वेचाळीस वर्षांची आई. तिने कागद उचलला, खाली ठेवला, उचलला. थोरल्याने ते हजार वेळा बघितलं होतं आणि दर वेळी त्याला भरून यायचं. आज त्याला फक्त चष्मा दिसला. उजव्या काडीचं टोक कुरतडलेलं होतं. आत्याला काड्या चावायची सवय होती; एवढं स्पष्ट दिसत असून देशात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“बाई,” मुलगी म्हणाली, “सगळा महाप्रचंड प्रेक्षकवर्ग आज एकच प्रश्न विचारतोय. त्या एकोणीस सेकंदांत तुमच्या मनात काय चाललं होतं?”

आईने तिच्याकडे बघितलं नाही. ती कॅमेऱ्याकडे वळली, हनुवटी उचलली, आणि भिंगाच्या जरा बाजूला बघत, भिंग दिसावं म्हणून, बोलली.

“मला वाचता येत नव्हतं.”

“अश्रूंमुळे,” मुलगी म्हणाली.

“नाही. चष्मा दुसऱ्याचा होता. मी रडत नव्हते, घाबरले होते. सात माणसं गेली होती आणि मला त्यांची नावं दिसत नव्हती. टेबलाखालून आमच्या निर्मात्यांनी ती मला सांगितली. ते आता नाहीत. त्यांचं नाव कुणी घेत नाही म्हणून सांगते, त्या दिवशी बातमी त्यांनी दिली. मी फक्त तोंड हलवलं.”

मुलीने कानातलं बटण दाबून धरलं. तिथून काही मदत आली नसावी. “म्हणजे… चष्मा कसा काय… कुणी बदलला?”

सून डोळे मिटून उभी होती. थोरल्याच्या मनात आलं, की सांग बाई एकदाचं, सुटू दे. आणि लगेच मनात आलं, की नको. आई थांबली. हा थांबा मात्र तिचा स्वतःचा होता.

“आमच्याकडे सगळ्यांच्या फ्रेमा सारख्या,” ती म्हणाली. “डबी मी न बघता उचलली. सव्वीस वर्षांत एकदाच. चूक माझी.”

आत्याने मान खाली घातली. थोरल्याला आधी हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याचाच राग आला.

मुलीला आता धीर आला, कारण तिच्याजवळ राखून ठेवलेला एक हुकमाचा पत्ता होता. “बाई, तुमच्यासाठी एक खास भेट आहे. त्या यादीतलं चौथं नाव ज्यांचं होतं, त्यांच्या पत्नी आज आपल्याबरोबर आहेत.”

टीव्हीचे दोन भाग झाले. एका भागात हे घर, दुसऱ्यात एक लाँड्री. टांगलेल्या शर्टांच्या पुढे साठीची एक बाई उभी होती. इस्त्री बाजूला उभी करून ठेवलेली, तिच्या वाफेने चित्र अधूनमधून पुसट व्हायचं. तिने रडावं अशी चॅनलची अपेक्षा असणार. तिच्या हातात कुणीतरी आठवणीने रुमाल दिला होता. ती त्याची घडी नीट करत होती.

“हे सगळं ऐकून तुम्हाला काय वाटलं?” मुलीने विचारलं.

“मला ठाऊक होतं,” लाँड्रीवाली म्हणाली.

“काय ठाऊक होतं?”

“बाईंनी कागद लांब धरला, मग जवळ आणला, मग परत लांब. आमचे हे पावत्या तशाच धरायचे. मी तेव्हाच म्हटलं, अरे त्यांना दिसत नाहीये, कुणीतरी चष्मा द्या. तर सगळे म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. बत्तीस वर्षं लोक मला सांगत आलेत, तुझ्या नवऱ्यासाठी एवढ्या मोठ्या बाई गहिवरल्या. मी आपली म्हणतेय, नाही हो, चष्मा.”

“पण मग तुम्हाला राग…”

“थांब जरा. मला बाईंशी बोलायचंय.” तिने रुमाल इस्त्रीशेजारी ठेवला. “बाई, त्या दिवशी चार वाजल्यापासून आम्ही बायका एका टीव्हीसमोर बसलो होतो. माणसं गेलीत हे कळलं होतं, कुणाची ते नाही. तुम्ही कागद हातात घेतलात. चांगलं दिसत असतं तर भरभर वाचून मोकळ्या झाला असतात. वाचता येत नव्हतं, तोवर माझा माणूस जिवंत होता. एकोणीस सेकंद. पुढे आणखी तीन नावं होईपर्यंत. तेवढंच मिळालं मला, पण मिळालं.” ती थांबली. “चूक तुमची नसणार. डबी न बघता उचलणाऱ्यातल्या तुम्ही वाटत नाही. ज्याने कुणी तो चष्मा बदलला, त्याचं भलं होवो म्हणावं.”

थोरला भिंतीला टेकला. धाकटीने त्याचा दंड धरला, आणि सुनेने दुसरा.

मुलाखत घेणारी मुलगी गप्प झाली होती. तिला काही सुचत नव्हतं आणि कानातल्यालाही सुचत नसावं. आईचे ओठ हलत होते. ती सवयीने सेकंद मोजत होती. तिचे चार झाले आणि चित्र गेलं. जाहिराती लागल्या.

पहिली जाहिरात थोरल्याची होती. संथ बासरी वाजली, आईचा जुना चेहरा हळूहळू मोठा होत गेला, आणि भारदस्त आवाजात कुणीतरी देशाला सांगितलं, “त्या क्षणी बाईंच्या डोळ्यांवर आमचाच चष्मा होता.”

कॅमेरामन आधी फिसकन हसला आणि मग कॅमेऱ्यामागे तोंड लपवून उभा राहिला. आत्याने दोन्ही पांढरे हात तोंडावर दाबले, तरी आवाज बाहेर आलाच. धाकटी हसता हसता खाली बसली. सून बराच वेळ मुख्याध्यापिका राहिली आणि मग तिचाही बांध फुटला. थोरला डोळे पुसत होता; तो हसत होता की रडत होता हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. दिवे विझवून, वायरी गुंडाळून, चॅनलची माणसं चहा न घेता निघून गेली.

आई सोफ्यावर तशीच बसली होती. “वन्सं,” ती म्हणाली, “उद्या सकाळी माझा नंबर काढा.”

आत्याचं हसू थांबलं. “काढते. पण मधलं चाललंय ना तुमचं? भिंगाने काय होणार?”

“कडेचं आहे अजून. तुम्ही कायम कडेलाच बसता.”

आत्या हातावर वाळलेली काचेची पूड नखाने खरवडत राहिली.

“फ्रेम तेवढी काळी नको,” आई म्हणाली.

“काळीच आहे, वहिनी. त्या तीनशेंतली शेवटची. बत्तीस वर्षं तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय.”

आईने हात पुढे करून तिचा हात शोधला. तो खरखरीत होता.

“मग तीच बसवा,” ती म्हणाली.